मारक्या बैलाचा धनी कोण?

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या वस्तीत सात वर्षांच्या एका मुलाला कुत्रा चावला. उत्तर नागपुरातली ही जुनी वस्ती, अरुंद गल्ल्यांची. मुलाची आई चार घरची धुणीभांडी करते. सरकारी दवाखान्यात इंजेक्शनाच्या चार तारखा मिळाल्या: पहिला दिवस, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. प्रत्येक तारखेला तिची चारही कामं बुडणार. त्या रविवारी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी बैठक बसली. एक काका तावातावाने म्हणाले, ‘माणसापरीस कुत्रं मोठं झालं का बापा?’ रोज रात्री कुत्र्यांना भात घालणारी एक कॉलेजातली मुलगी तितक्याच तावात म्हणाली, ‘माणसांपेक्षा कुत्रीच बरी, दगा तरी देत नाहीत.’ मग आमच्याच मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक भाऊ माझ्याकडे वळले. ‘तुम्हीच सांगा यांना. पवित्र शास्त्रात साफ लिहिलं आहे ना? जनावराले आत्मा नसते. देवानं ते माणसासाठीच केले.’ त्या गोंधळात मला धड उत्तर देता आलं नाही. ते इथे देतो.

आधी माझी भूमिका सांगतो. माणसाचं मोल प्राण्यापेक्षा जास्त आहे असं मी ख्रिस्ती म्हणून मानतो, आणि तसं म्हणताना मला संकोच वाटत नाही. एका बाजूला मूल आणि दुसऱ्या बाजूला कुत्रा अशी वेळ खरोखर आली तर मी मुलाला वाचवीन. पण या एका वाक्यातून आमचे मंडळीतले भाऊ जो निष्कर्ष काढतात, तो शास्त्र, म्हणजे बायबल, काढत नाही. ते शास्त्र उलट दिशेने चालतं. माणूस मोठा आहे म्हणूनच हिशेब माणसाकडून घेतला जातो. वाघाला, कुत्र्याला, बैलाला देव जाब विचारत नाही, आपल्याला विचारतो. हे मोठेपण ज्यांना हवं आहे त्यांनी त्याच्यासोबत येणारी वही नाकारू नये.

‘माणसाचं मोल जास्त’ हे वाक्य मुळात कुठून येतं ते पाहू. प्रभू येशूने ते चिमण्यांच्या संदर्भात म्हटलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन चिमण्या एका दमडीला विकल्या जातात. लूकमध्ये पाच चिमण्या दोन दमड्यांना. हिशेब मांडून पाहा. दमडीला दोन, तर दोन दमड्यांना चार. मग पाचवी कुठून आली? ती वरताव्यात आली. आपल्या मंगळवारी बाजारात भाजीवाली शेवटी मूठभर कोथिंबीर पिशवीत टाकते, तशी. बाजाराने जिची किंमत शून्य ठरवली ती पाचवी चिमणी, आणि येशू म्हणतो की त्यांच्यापैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही. त्यानंतर मग तो शिष्यांना म्हणतो की पुष्कळ चिमण्यांपेक्षा तुमचं मोल अधिक आहे. आता विचार करा, चिमणीचं मोल देवाच्या लेखी शून्य असतं तर या वाक्यात शिष्यांना धीर देण्यासारखं काय उरलं असतं? ‘शून्यापेक्षा तुम्ही अधिक आहात’ हे काय सांत्वन झालं? माणसाच्या मोलाचा हा सगळा युक्तिवाद चिमणीच्या मोलावर उभा आहे. खालची वीट काढली की वरची भिंत राहत नाही. शब्बाथ दिवशी, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, खड्ड्यात पडलेल्या मेंढराची गोष्टही तशीच आहे. मेंढरापेक्षा माणूस कितीतरी अधिक मोलाचा, असं येशू तिथे विचारतो. पण मेंढरू वर काढायचंच, हे त्याने आणि त्याच्या विरोधकांनीही गृहीत धरलं आहे.

यावर आक्षेप आहेत आणि ते भक्कम आहेत. सगळ्यात गाजलेला आक्षेप 1967 साली लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने घेतला. पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्म हा जगातला सर्वांत मानवकेंद्री धर्म आहे, आणि आजच्या पर्यावरण संकटाचं मूळ ‘पृथ्वी व्यापून टाका, तिला वश करा, प्राण्यांवर सत्ता चालवा’ या वृत्तीत आहे, असं त्यांचं म्हणणं. यातला बराच भाग मी मान्य करतो. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातली ती दोन हिब्रू क्रियापदं मऊ नाहीत, आणि त्या वचनाचा आधार घेऊन जंगलं तोडणारे, हौसेखातर शिकार करणारे ख्रिस्ती इतिहासात भरपूर झाले. ते नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण त्याच पानावर, सत्तेच्या वचनाच्या लगेच पुढे, माणसाला अन्न म्हणून बी देणारी वनस्पती आणि फळं दिली आहेत, आणि पशुपक्ष्यांना हिरवा पाला. सत्ता मिळाली त्या क्षणी मांस मिळालेलं नाही. ते नोहाच्या काळात, जलप्रलयानंतर येतं, आणि तिथेही रक्तासकट मांस खायचं नाही अशी अट घालून. शिवाय ‘सत्ता चालवणे’ यासाठी जे क्रियापद उत्पत्तीत आहे तेच यहेज्केल संदेष्टा 34 व्या अध्यायात इस्राएलच्या मेंढपाळांसाठी, म्हणजे राज्यकर्त्यांसाठी, वापरतो: तुम्ही दुबळ्यांना बळ दिलं नाही, जखमींना पट्टी बांधली नाही, जबरदस्तीने आणि निर्दयपणे त्यांच्यावर सत्ता चालवली. देव त्या मेंढपाळांना कळपावरून काढून टाकतो. याच शब्दाची ही झडती शास्त्रानेच घेतली आहे. व्हाइट यांनीही आपला लेख असिसीच्या संत फ्रान्सिसकडे बोट दाखवून संपवला होता, आणि 1979 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत जाहीर केलं. आरोप करणाऱ्याला उत्तर आरोपीच्याच घरात सापडलं होतं.

आत्म्याबद्दल आमचे भाऊ इतक्या खात्रीने बोलले, पण शास्त्र तेवढ्या खात्रीने बोलत नाही. आदामाच्या नाकपुड्यांत देवाने श्वास फुंकला आणि तो ‘नेफेश हय्या’, म्हणजे जिवंत प्राणी झाला, असं उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. हेच दोन शब्द पहिल्या अध्यायात मासे आणि गुराढोरांसाठी आले आहेत. मराठी वाचताना ते साम्य लक्षात येत नाही, कारण एकीकडे एक शब्द आणि दुसरीकडे दुसरा वापरण्याची आपली सवय. मातीसुद्धा एकच. आदामही मातीचा, रानातले पशूही मातीचे. बायबलमधलं ‘उपदेशक’ हे पुस्तक तर विचारतं, माणसाचा आत्मा वर जातो आणि पशूचा खाली जातो हे कोणाला ठाऊक? ज्या प्रश्नावर शलमोनाच्या नावाने लिहिणाऱ्याने हात टेकले तिथे आपण कशाच्या जोरावर निकाल देतो? अठराव्या शतकात मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायावर प्रवचन दिलं. सारी सृष्टी कण्हत आहे आणि तीही गुलामगिरीतून मुक्त होईल, या पौलाच्या शब्दांचा अर्थ त्याने प्राण्यांनाही लावला. नागपुरात मेथडिस्ट मंडळ्या आहेत. त्यांनी वेस्लीचं हे प्रवचन काढून वाचावं अशी माझी विनंती आहे. माणसाचा वेगळेपणा मी नाकारत नाही. तो देवाच्या प्रतिरूपात आहे, म्हणजे देवाच्या वतीने सृष्टी सांभाळण्याच्या नेमणुकीत आहे. ‘आपल्यात काहीतरी आहे जे त्यांच्यात नाही’ एवढ्यावर तो संपत नाही.

दोन जागा मला आजही अडतात, त्या लपवत नाही. गरसेकरांच्या प्रदेशात दुष्टात्मे डुकरांत शिरले आणि सुमारे दोन हजार डुकरं समुद्रात बुडाली. एका माणसाच्या सुटकेसाठी. आणि पौल करिंथकरांना विचारतो, देवाला बैलांचीच काळजी आहे काय? पहिल्या गोष्टीपुढे मी गप्प होतो. तिच्यात माणसाचं मोल किती वर आहे हे दिसतं आणि डुकरांच्या वाट्याला काय आलं हेही दिसतं, आणि मला दोन्ही सोसावं लागतं. दुसऱ्या ठिकाणी मात्र पौल ज्या नियमावर बोलतो तो नियमच पाहावा लागेल. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातला तो नियम असा: मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको. पौल त्यावरून मजुराला मजुरी मिळावी असा अर्थ काढतो. बैलाला दोन तोंडं धान खाऊ देणं हे आधी खरं असेल तरच त्यावर मजुराचा हक्क उभा राहतो. पुन्हा तीच चिमणीची रीत.

हा नियम कळायला माझ्या आजोबांना पंडिताची गरज पडली नाही. ते हिंगणघाटकडचे कास्तकार होते. ख्रिस्ती झाल्यावर मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी पोळ्याची पूजा बंद करायला सांगितली, ती त्यांनी केली. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी कोमट पाण्याने बैलांचे खांदे शेकायचे, पळसाच्या पानाने हळद-लोणी चोळायचं, हे त्यांनी मरेपर्यंत सोडलं नाही. कोणी टोकलं तर म्हणत, ‘जू त्याच्या खांद्यावर मीच ठेवलं ना? मग खांदा कोणी शेकावा?’ दहा आज्ञांतल्या शब्बाथाच्या आज्ञेत गुराढोरांचं नाव आहे, आणि ‘निर्गम’ या पुस्तकात तर विसाव्याचं कारणच असं दिलं आहे की तुझ्या बैलाला आणि गाढवाला आराम मिळावा. त्या एका दिवसापुरतं माझे हिंदू शेजारी आमच्या शास्त्राच्या आमच्याहून जवळ आहेत, असं मला दर पोळ्याला वाटतं. बैल सजवून, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून, जेवायला घालून ते जे करतात त्याचं मूळ वेगळं आहे, पण बैलाला त्याचा लाभ सारखाच होतो.

आता दुसऱ्या बाजूकडे येतो. ‘माणसांपेक्षा कुत्रीच बरी’ म्हणणाऱ्या मुलीच्या दयेबद्दल मला आदर आहे. थंडीत रात्री अकरा वाजता भाताचं पातेलं घेऊन गल्लीत उभी राहणारी दुसरी कोणी मला माहीत नाही. पण तिचं वाक्य मला मान्य नाही, आणि त्याचं कारण ती समजते त्यापेक्षा जुनं आहे. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी 1975 पासून मांडलेली भूमिका आता आपल्याकडेही सुशिक्षित घरांत बोलली जाते: वेदना सगळ्यांना सारखी, म्हणून केवळ माणूस आहे एवढ्यावरून माणसाच्या हिताला जास्त वजन देणं हा वंशभेदासारखाच भेद. यातला वेदनेचा मुद्दा खरा आहे. कुत्र्याला दगड लागला की दुखतं, आणि ते दुखणं कमी महत्त्वाचं नाही. पण मोल ठरवायला बुद्धी, जाणीव, क्षमता हे माप घेतलं की ते माप दोन्ही बाजूंनी कापतं. नवजात बाळ, मतिमंद मूल, स्मृती गेलेली आजी, यांना मग हुशार कुत्र्याच्या खाली बसवावं लागतं. ख्रिस्ती विश्वास इथे ठाम आहे. माणसाचं मोल त्याच्या कर्तबगारीवर टांगलेलं नाही, म्हणून ते कमी होऊ शकत नाही.

आणि महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर ओंजळभर पाणी प्यायला का गेले? त्या तळ्यात गुरंढोरं पाणी पीत होती आणि अस्पृश्य माणसाला मनाई होती. जनावराबद्दल कोणाची तक्रार नव्हती. माणसाबद्दल होती. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतल्या अनेकांचे आजे-पणजे त्याच मनाईतून आले. दीक्षाभूमीच्या या शहरात कोणी ‘माणसापेक्षा जनावर बरं’ म्हणतं तेव्हा म्हणणाऱ्याच्या मनात दया असते, पण ऐकणाऱ्याच्या कानात फार जुना आवाज येतो. प्राण्यावरचं प्रेम माणसाच्या मोलाला पर्याय होऊ लागलं की ते कोणत्या माणसाचं मोल आधी खाऊन टाकतं, हे आपण पाहिलं आहे. कुत्रे चावतात ते कोणाला? पहाटे पाचला झाडू घेऊन निघालेल्या सफाई कामगाराला, पेपर टाकणाऱ्या पोराला, पायी शाळेत जाणाऱ्या लेकराला. मोटारीच्या काचेआड बसलेल्याला क्वचितच. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे 99 टक्के कुत्र्यांकडून येतो. हे सांगणाऱ्या आईला ‘तुम्हाला दया नाही’ म्हणणं अन्याय आहे.

मग उत्तर काय? कुत्रे मारून टाकायचे? इथे मी निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायातला एक कायदा पुढे ठेवतो. आमच्या मंडळ्यांत तो फारसा वाचला जात नाही, पण आजच्या भांडणासाठी इतकं नेमकं दुसरं काही मला सापडलेलं नाही. बैलाने माणसाला भोसकून मारलं तर बैलाला दगडमार करावा, त्याचं मांस खाऊ नये, धनी निर्दोष. हे झालं माणसाच्या जिवाचं मोल, त्यात तडजोड नाही. पण पुढचं वाक्य वाचा. तो बैल आधीपासून मारका असेल, धन्याला तशी ताकीद दिलेली असेल, आणि तरी त्याने त्याला बांधून ठेवलं नसेल, तर बैल तर मरेलच, धनीसुद्धा मरणास पात्र ठरेल. तीन हजार वर्षांपूर्वीच्या या कायद्याला एकच प्रश्न विचारायचा आहे: तुला माहीत होतं का?

आपल्याला माहीत होतं. गल्लीतल्या कुत्र्याचा धनी कोणी एक नाही, म्हणून तो आपण सगळे आहोत. मटणाच्या दुकानामागचं टाकाऊ, लग्नाच्या मांडवाबाहेरच्या पत्रावळी, उघड्या कचऱ्याचे ढीग, यांच्यावर कुत्र्यांची संख्या वाढते हे कोणाला ठाऊक नाही? नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे परत त्याच भागात सोडण्याचे नियम 2001 पासून आहेत, 2023 मध्ये ते नव्याने आले. दोन दशकांहून अधिक काळ ताकीद मिळालेली आहे. आपण ते काम मनापासून केलं नाही आणि मग न्यायालयांच्या दारात गेलो. ऑक्टोबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचं असेल तर त्यांना दत्तक घ्या, असं म्हटलं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या सक्तीला स्थगिती दिली. 11 ऑगस्ट 2025 ला दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश आला. अकरा दिवसांत तो बदलला: नसबंदी-लसीकरण करून परत सोडा, रेबीजची लागण झालेले आणि आक्रमक तेवढे ठेवून घ्या, खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्या. हा 22 ऑगस्टचा आदेश मला निर्गमाच्या त्या कायद्याच्या जवळचा वाटतो. मारका कोणता आणि साधा कोणता हा भेद तो करतो आणि व्यवस्थेवर काम टाकतो. पिसाळलेल्या कुत्र्याला जगू द्यावं असं मी म्हणणार नाही. पण त्याला संपवून हात झटकणारा समाज कायद्याचं अर्धंच वाक्य वाचतो आहे.

विदर्भात हे वाक्य कुत्र्यापुरतं थांबत नाही. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात टी-1 वाघीण, जिला लोक अवनी म्हणत, गोळी घालून मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. त्या गावांत लोकांनी आनंद केला, मोठ्या शहरांत निषेध झाला. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. उन्हाळ्याच्या दोन आठवड्यांच्या मजुरीवर घराचा महिना काढणाऱ्या बाईला ‘वाघाच्या घरात तुम्ही का गेलात?’ असं विचारणाऱ्या शहरी माणसाला मी विचारतो, ती जाऊ नये म्हणून तुम्ही तिला दुसरं काय दिलं? अवनीला थांबवणं भाग होतं असं माझं मत आहे. नोहाशी केलेल्या करारात देव स्पष्ट म्हणतो की माणसाच्या रक्ताचा जाब मी प्रत्येक पशूकडूनही घेईन. पण तो करार फक्त नोहाशी नव्हता. तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक जिवाशी होता, आणि त्या अध्यायात हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. जंगल तुकड्यातुकड्यांत कापणारे रस्ते, खाणी आणि कालवे वाघाने मागितले नव्हते, त्या तीन बायकांनीही नव्हते. मारक्या बैलाचा धनी तिथेही शोधावा लागेल.

‘आधी माणसांचं बघा, मग जनावरांचं’ असं काकांचं शेवटचं म्हणणं होतं. कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथही एका अंगाने हेच सांगतो. माणसाच्या दुःखनिवारणासाठी आधी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळणं योग्य नाही असं त्यात आहे, आणि त्याच परिच्छेदात, प्राण्यांना विनाकारण त्रास देणं किंवा मारणं माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही हेही आहे. क्रम मला मान्य आहे. पण दया ही ठरावीक मापाची गोष्ट आहे, एकाला दिली की दुसऱ्याला कमी पडते, हे गृहीतक इतिहासात टिकत नाही. 1824 साली लंडनच्या एका कॉफीहाउसात प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था स्थापन झाली. तिचा पुढाकार आर्थर ब्रूम या पाळकाचा, आणि संस्थेच्या कर्जापायी त्याने तुरुंगवास भोगला. त्या बैठकीला हजर असलेला विल्यम विल्बरफोर्स म्हणजे 1807 मध्ये गुलामांचा व्यापार बंद करायला लावणारा तोच. त्याने ‘आधी गुलाम, मग घोडे’ अशी रांग लावली नाही. चाबूक दोन्हीकडे सारखाच होता.

लूकच्या सोळाव्या अध्यायात लाजर श्रीमंताच्या दाराशी पडलेला आहे. मेजावरून पडणाऱ्या तुकड्यांवर पोट भरावं अशी त्याची इच्छा, आणि कुत्रे येऊन त्याचे फोड चाटतात. त्या दाराशी गरीब माणूस आणि कुत्रे यांचं भांडण नाही. दोघेही एकाच बंद दाराबाहेर आहेत. श्रीमंताने कुत्र्यांना जास्त दिलं म्हणून लाजर उपाशी राहिला, असं येशू कुठे म्हणतो? त्या गोष्टीत जाब एकट्या श्रीमंताला द्यावा लागतो.

मी आमच्या मंडळीच्या पंचांना पत्र दिलं आहे. आवारातला कचरा झाकून ठेवावा, आवारात झोपणाऱ्या सहा कुत्र्यांच्या नसबंदीचा आणि लसीचा खर्च यंदाच्या नाताळच्या रोषणाईतून काढावा, आणि वस्तीत कोणाला कुत्रा चावला तर त्या घराची बुडालेली मजुरी दानपेटीतून भरून द्यावी. पंचांची बैठक पुढच्या महिन्यात आहे. मुलाचं अठ्ठाविसाव्या दिवसाचं इंजेक्शन येत्या गुरुवारी आहे, आणि त्या दिवशी त्याच्या आईची चार घरची कामं कोण करणार हे अजून ठरलेलं नाही.